भिंतीतला पत्रा

गेल्या नोव्हेंबरात आई आमच्याकडे आली, मिशिगनला, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिनं विचारलं, "तुझ्या भितीत काय वाजायलंय रे रातभर?"

मी म्हटलं हीटिंगचं असेल, इकडे घरं लाकडाची असतात, थंडीत लाकूड आवाज करतं, सवय होईल तुला. आम्हाला या घरात तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि तो आवाज पहिल्या हिवाळ्यापासून होता, वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीत. खाली बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, सुरू झाली की मिनिटभरात एक 'ठण्ण', मग लगोलग दोन-तीन बारीक 'टक टक', आणि फर्नेस बंद झाली की परत तेच, पण सावकाश, कुणीतरी बोटाच्या पेरानं डबा वाजवावा तसं. आम्ही त्या खोलीत झोपत नव्हतो म्हणून आम्हाला त्याचं काही वाटलंच नव्हतं.

आई कप खाली ठेवत म्हणाली, "लाकूड न्हाई ते. पत्रा हाय. तापला की वाजतो, निवला की वाजतो. आणि कुठं बांधलेला न्हाई बघ तो, मोकळा लोंबतोय."

भिंत न उघडता, नुसतं अंधारात पडून ऐकून तिनं हे सांगितलं. आणि ते शब्दन् शब्द खरं निघालं.

तिला पत्र्याचा आवाज कळतो त्याला कारण आहे. आमचं गाव औशाच्या भागात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून भागून झोपलेले. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, पण घर बसलं. जुनी माळवदाची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना सांगायला नको, दोन-दोन फूट जाड दगडाच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर हात-दीड हात माती. उन्हाळ्यात आत इतकं गार की बाहेरचं ऊन विसरावं. पण त्या भिंती दिसायला एक आणि आत दोन असायच्या, बाहेरच्या अंगाला दगड, आतल्या अंगाला दगड, मधे गोटे-माती भरलेली, आणि दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादरा बसला तशी दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली, बाहेरचं बाहेर फुगलं, आतलं आत आलं आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर. पुढे तज्ज्ञ मंडळी येऊन पाहणी करून गेली त्यांनी हेच सांगितलं, की भिंती जाड असून उपयोग नव्हता, त्या बांधलेल्या नव्हत्या.

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पडक्या घराच्या उरलेल्या भिंतीला त्यांनी बल्ल्यांचे टेकू दिले होते आणि रोज शाळेत जाताना एकेका टेकूला हात लावून, हलवून बघून जायचे. शेडमध्ये ते आणि आम्ही भावंडं झोपायचो, आई मात्र जागी. संध्याकाळी पत्रा निवायला लागला की तडतड सुरू व्हायची, आणि प्रत्येक 'तड' ला तिला वाटायचं परत आलं. मग हळूहळू तिनं तो आवाज वेगळा करायला शिकून घेतलं. हा निवण्याचा आवाज, हा वाऱ्याचा, हा हूक ढिला झालेल्या पत्र्याचा. ढिला पत्रा कुठल्या ओळीतला ते ती खाली झोपून सांगायची आणि वडील सकाळी शिडी लावून तिथलाच नट आवळायचे. हे मला आठवत होतं, पण इतक्या वर्षांनी मिशिगनमधल्या माझ्या घरात ते कामाला येईल असं काही वाटलं नव्हतं.

आता इकडच्या भिंतीबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे भिंत म्हटलं की वीट, दगड, काँक्रीट, काहीतरी भरीव डोळ्यासमोर येतं. आमचं घर १९५६ सालचं. इथली भिंत म्हणजे उभे लाकडी खांब, त्यांना स्टड म्हणतात, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६ इंच, आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड, म्हणजे ड्रायवॉल. दोन स्टडच्या मधे साधारण साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल पोकळी उरते. आईनं ती पहिल्यांदा उघडी बघितली तेव्हा म्हणाली, "हे तर इवले इवले खण हायत की." मला शब्द फार आवडला. आपल्याकडे जुनं घर किती खणांचं ते सांगायची पद्धत होती, तो खण माणसं राहायचा, हा वायरी, पाण्याचे पाइप आणि हवेचे डक्ट राहायचा.

डक्ट म्हणजे काय तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची चौकोनी नळी. बेसमेंटमध्ये फर्नेस हवा तापवते, पंखा ती हवा छताजवळून जाणाऱ्या मोठ्या आडव्या डक्टमध्ये ढकलतो, आणि त्याला फुटलेल्या फांद्या भिंतीतल्या खणांतून वर चढून प्रत्येक खोलीत एकेका जाळीपाशी उघडतात. भिंतीतून चढणाऱ्या उभ्या तुकड्याला इथे स्टॅक म्हणतात. तो सव्वातीन इंच खोल आणि दहा, बारा किंवा चौदा इंच रुंद मिळतो. साडेतीनच्या खोलीत सव्वातीन, म्हणजे पत्रा आणि ड्रायवॉल यांच्यात पाव इंच. हे पाव इंच पुढे येणार आहे.

आमचे शेजारी, सत्तरीचे, सगळं आयुष्य शीटमेटलचं काम केलेले. इथे त्या धंद्यातल्या माणसांना 'टिन नॉकर' म्हणतात, पत्रे ठोकणारे, आणि ते स्वतःबद्दल तो शब्द छाती पुढे काढून वापरतात. मी त्यांना आवाजाबद्दल सांगितलं, आई काय म्हणाली तेही सांगितलं. ते वर आले, भिंतीला कान लावून बसले, मला खाली जाऊन थर्मोस्टॅट वाढवायला सांगितलं आणि मी परत आलो तेव्हा आईकडे बोट दाखवून म्हणाले, या बरोबर सांगतायत, भिंत उघड.

शनिवारी सकाळी उघडायचं ठरलं. आधी पलंग सरकवला, मग भिंतीवरचा वडिलांचा फोटो काढला. तो आम्ही दोन वर्षांपूर्वी लावला होता, ते गेल्यानंतर. फोटो काढला तसा त्याचा खिळा पकडीनं उपसला, आणि खिळा बाहेर आल्या आल्या भिंतीच्या आत 'खर्रर्र' असं काहीतरी घसरलं आणि खाली 'धप्' झालं.

शेजारी म्हणाले, थांब. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी जाळीच्या तोंडातून आत बघितलं आणि मग मल्टिटूलनं दोन स्टडच्या मधला ड्रायवॉल जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत कापून काढला. कापण्याआधी त्यांनी वीज बंद करायला लावली, आणि पात्याला खुणेची पट्टी चिकटवली होती, अर्धा इंचाच्या वर पातं आत जाता कामा नये म्हणून, मागे वायर आहे की पाइप हे कुणाला माहीत.

आतलं बघून मी बराच वेळ काही बोललो नाही. स्टॅक मधोमध सांध्यात सुटलेला होता, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यांच्यात बोटभर फट. खालचा तुकडा एका बाजूला कलून स्टडला टेकलेला. सांध्यावर कधीकाळी कापडी डक्ट टेप गुंडाळली होती, ती वाळून पापडासारखी झालेली, गोंद केव्हाच गेलेला, नुसती चिंधी लोंबत होती. दोन्ही बाजूला सव्वादोन-सव्वादोन इंच रिकामी जागा, तिथे ना लाकडाचा ठोकळा ना पट्टी ना स्क्रू. एक वाकवलेला खिळा होता, पण त्याच्या भोवतीचा पत्रा फाटून खिळा मोकळा झालेला. आणि खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकाजवळ, दर्शनी बाजूला, एक गोल भोक. आम्ही वडिलांचा फोटो लावला तेव्हा खिळा अर्धा इंच ड्रायवॉल, पाव इंच पोकळी ओलांडून पत्र्यात घुसला होता आणि दोन वर्षं तो सगळा खालचा तुकडा त्या खिळ्याला अडकून उभा होता. खिळा काढला तसा तो खाली बसला.

शेजाऱ्यांनी भोकावर बोट ठेवून मला दाखवलं. मी आईला मराठीत सांगितलं. ती काही बोलली नाही. पकडीजवळ पडलेला तो खिळा तिनं उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

हवा कुठे जात होती ते आत स्पष्ट दिसत होतं. सुटलेल्या सांध्यासमोरच्या ड्रायवॉलच्या मागच्या कागदावर धुळीचा काळसर पंखा उमटलेला, नऊ वर्षं गरम हवा तिथे आपटत होती, खोलीत यायच्या ऐवजी भिंतीच्या पोकळीत. आणि खाली पिवळट तपकिरी ओघळ, ते उन्हाळ्याचे, एसीची थंड हवा त्याच वाटेनं जाते आणि दमट दिवसात गार पत्र्याला घाम फुटतो. ती खोली कायम थंड असायची आणि आम्ही प्रत्येक पाहुण्याला जास्तीची रजई देऊन मोकळे व्हायचो, याचं मला खरंच वाईट वाटलं. अमेरिकेतला सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो की साध्या घरांत डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा भोकांतून, फटींतून आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते. आकडा वाचला होता मी, पण आकडा वाचणं वेगळं आणि स्वतःच्या भिंतीत तो धुळीनं काढलेला बघणं वेगळं.

हे झालं कसं? शेजाऱ्यांनी खाली बेसमेंटमध्ये नेऊन दाखवलं. आम्ही घर घेण्याआधी कुणीतरी फर्नेस बदलली होती. नवी फर्नेस जुन्यापेक्षा बुटकी, म्हणून आडव्या डक्टमध्ये नवीन तुकडे घातलेले, आणि ते करताना या फांदीच्या कोपराला, म्हणजे आडवी नळी वर वळते त्या वाकाला, आधी जी पट्टी होती ती कापलेली, परत लावलेलीच नाही. कोपर खाली बसला, त्याच्यावर उभा असलेला स्टॅक खाली ओढला गेला, सांधा सुटला. ज्यानं कुणी केलं त्यानं वर जाऊन बघितलं नसणार, कारण वर भिंत बंद होती. मला राग आला. पाच मिनिटांचं काम, एक पट्टी, दोन स्क्रू. आमच्या स्टॅकच्या आठ फूट पत्र्याचं सगळं वजन जेमतेम पाच किलो, ते काही कुणाला जड नव्हतं.

पाच किलोच असलं तरी ते वजन कशावर तरी यायला हवं. इथल्या घरबांधणीच्या कोडमध्ये, म्हणजे नियमावलीत, धातूच्या डक्टसाठी बरीच वर्षं सरळ ओळ होती, अर्धा इंच रुंद १८ गेजची पट्टी किंवा १२ गेजची गॅल्व्हनाइज्ड तार (गेज म्हणजे जाडीचं माप), आणि दोन आधारांत १० फुटांपेक्षा जास्त अंतर नको. गोल पाइपच्या सांध्याला निदान तीन स्क्रू, सारख्या अंतरावर. माळ्यावर जे लवचिक डक्ट असतात, तारेच्या स्प्रिंगवर प्लास्टिक आणि इन्सुलेशन गुंडाळलेले, त्यांना तर साधारण चार-चार फुटांवर रुंद पट्टी लागते आणि फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ चालत नाही, नाहीतर आतली हवा त्या झोळातच अडकून बसते. एवढ्या साध्या गोष्टी आहेत. शेजारी म्हणाले की धंद्यातल्या चांगल्या माणसाला कोडची गरज पडत नाही, तो सांधा करतो आणि हातानं हलवून बघतो, हलला तर बांधतो. मला शाळेत जाताना टेकू हलवून बघणारे वडील आठवले.

दुरुस्तीचा दिवस मी विसरणार नाही. आधी खालून टेकू दिला, त्यालाही आईनं टेकूच म्हटलं आणि मग शेजारीसुद्धा 'टेकू, टेकू' म्हणायला लागले. दोन बाय चारची एक फळी, वर मऊ कापड, कोपराखाली लावून हळूहळू ठोकत ठोकत वर उचलायची, आणि मी वरच्या खोलीत बसून सांध्याकडे बघत ओरडायचं, अजून थोडं, अजून, बास. दोन तुकडे एकमेकांत बसले. मग चार बाजूंपैकी जिथे हात पोचला तिथे अर्ध्या इंचाचे छोटे शीटमेटल स्क्रू. लांब स्क्रू लावायचे नाहीत, आत टोकं राहिली की त्यांना केस आणि धूळ अडकून जाळं होतं.

मग बाजूचे ठोकळे. सव्वादोन इंचाच्या त्या रिकाम्या जागेत दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे, स्टडला पक्के केलेले, एक जोडी सांध्याच्या खाली, एक वर. मी ते अगदी घट्ट बसतील असे कापले होते, अभिमानानं. शेजाऱ्यांनी बघितलं आणि मान हलवून प्रत्येक तुकडा थोडा थोडा तासायला लावला, आणि पत्रा आणि लाकूड यांच्यात फेल्टची पट्टी घालायला लावली. मी विचारलं ढिलं का सोडायचं, आत्ता तर ढिलं होतं म्हणूनच वाजत होतं. ते उत्तर देणार इतक्यात आईच म्हणाली, "पत्र्याला तापल्यावर जागा लागती. लई आवळला तर फुगतो आणि मग जास्त वाजतो. शेडच्या हुकाखाली रबराचा वायसर कशाला असतो मग?" मी त्यांना भाषांतर करून सांगितलं, तर त्यांनी आईकडे बघून हात जोडले, आपल्यासारखे.

हिशोब करून बघितला मी नंतर. पोलाद एक अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरचा पत्रा खोलीच्या तापमानावरून ४० अंशांनी तापला तर जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होतो. दीड मिलिमीटर म्हणजे किती, नखाच्या जाडीच्या दोन-तीन पट. पण तो लाकडाला घासून, अडकून, एकदम सुटला की टक्. आणि रुंद सपाट बाजू थोडी बाहेर, थोडी आत अशी उडी मारते तेव्हा ती मोठी ठण्ण, तेलाच्या डब्याचा तळ दाबून सोडल्यासारखी. म्हणून चांगल्या डक्टच्या सपाट बाजूला आडव्या-तिरप्या घड्या किंवा उठाव काढलेले असतात, पत्र्याला कणा यावा म्हणून. आमच्या १९५६ च्या पत्र्याला काहीच नव्हतं. मग शेजाऱ्यांनी समोरून एक आडवी पट्टी टाकली, दोन्ही स्टडला स्क्रू आणि मधे पत्र्याला एक, पट्टी इतकी पातळ की वर ड्रायवॉल सपाट बसतो. ती पट्टी पत्र्याला धरते पण थोडी लवते. बेसमेंटमधल्या कोपराला जाड पट्टीची झोळी करून दोन्ही बाजूंना जॉइस्टला, म्हणजे वरच्या मजल्याच्या तुळईला, पक्की केली. सगळं वजन आता तुळईवर, भिंतीतल्या पट्टीनं फक्त स्टॅक सरळ ठेवायचा. हा फरक मला आधी कळलाच नव्हता, की वजन घेणारा आधार एक आणि हलू न देणारा दुसरा, आणि दोन्ही कामं एकाच खिळ्याकडून करून घेऊ नयेत.

सांधा बंद करायला कापडी डक्ट टेप मी स्वतःच आणून ठेवली होती, नावातच डक्ट आहे म्हणून. शेजाऱ्यांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी डक्टचे सांधे बंद करायच्या सगळ्या प्रकारांना तापवून, निववून, तपासून बघितलं होतं, त्यात बाकीचे टिकले आणि कापडी डक्ट टेपच हमखास निकामी झाली. आमच्या भिंतीतली चिंधी त्याचीच साक्ष देत होती. खरं वापरायचं ते मास्टिक, करडा, घट्ट, ओल्या चिखलासारखा लगदा, बादलीत मिळतो, ब्रशनं दोनेक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा, फट पाव इंचाहून मोठी असेल तर आधी काचतंतूंची जाळी लावायची आणि मग थर.

ब्रश आत पोचेना. खण अरुंद, स्टड आडवे येतात. आईनं रबरी हातमोजे मागितले, जमिनीवर बैठक मारून बसली, चार बोटांवर मास्टिक घेतला आणि सांध्याच्या कडेनं अंगठ्याच्या मुळानं दाबत एका दमात हात फिरवत नेला, जसं चूल लिंपतात, जसं पांढऱ्या मातीनं भिंतीचा कोपरा घेतात, खालून वर, मग उलटा हात फिरवून काठ मिटवायचा. कुठे बोटाचा ठसा नाही, कुठे बुडबुडा नाही. पाठीमागच्या बाजूला, जिथे आम्हा दोघांचे हात जात नव्हते, तिथे ती मनगट वळवून पोचली. शेजारी गुडघ्यावर बसून टॉर्च धरून बघत होते. चाळीस वर्षं हे काम केलेला तो माणूस एवढंच म्हणाला की असा हात मी बघितला नाही. आईला इंग्रजी येत नाही पण ते तिला कळलं. वडिलांच्या खिळ्याच्या भोकावर तिनं शेवटचा गोळा लावला आणि त्यावरून दोनदा हात फिरवला.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे कारण परदेशात जुनी घरं घेणारे आपले लोक खूप आहेत. बेसमेंटमध्ये मोठ्या डक्टच्या एका सांध्यावर पांढऱ्या, कागदासारख्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मी ओढायला हात पुढे केला तर शेजाऱ्यांनी मनगटच धरलं. त्या काळच्या घरांत अशा पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, फुप्फुसाला घातक असं तंतुमय खनिज, आणि ते जागच्या जागी धड असेपर्यंत त्रास देत नाही, ओढलं, खरवडलं, तोडलं की तंतू हवेत उडतात. आम्ही ते तसंच सोडलं, तपासून घेतलं, अ‍ॅस्बेस्टॉसच निघालं, आणि परवाना असलेल्या लोकांकडून त्यावर सील करून घेतलं. पैसे गेले, पण घरात दोन मुलं आहेत, तिथे विचार करायचा नसतो.

मास्टिक वाळायला दिवसभर द्यावा लागतो म्हणून त्या फांदीचा डँपर, म्हणजे हवा अडवायची झडप, बंद करून ठेवला आणि भिंत दोन दिवस उघडीच होती. मुलं येऊन जाऊन आत डोकावायची. मी मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवले, जमिनीपासून किती इंचावर पट्टी, कुठे ठोकळा, कुठे वायर. माझं आता ठाम मत झालंय की भिंत कुठलीही असो, इथली किंवा पुण्यातल्या फ्लॅटची, बंद करायच्या आधी फोटो काढून ठेवलेच पाहिजेत. लोक किचनचा ओटा, टाइल्स, बाथरूमचे नळ यावर महिना महिना चर्चा करतात, आम्हीही केली होती, पण आत कोण कुणाला धरून आहे हे घर घेताना मी एकदाही विचारलं नव्हतं. ड्रायवॉल परत लावताना स्क्रूसुद्धा सव्वा इंचाचे आणि फक्त स्टडवर, मधे पत्र्यावर एकही नाही.

त्या रात्री आम्ही सगळे त्या खोलीत जमलो. फर्नेस लागली. जाळीतून हवा आली, इतकी की पडदा हलला, जो नऊ वर्षांत कधी हलला नव्हता. आवाज नाही. आई डोळे मिटून बसली होती. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "तापला बघ आता. सरकतोय, पण गप सरकतोय." मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही.

वडिलांचा फोटो आता एक वीत डावीकडे आहे, स्टडवर, अडीच इंची स्क्रूला.

एप्रिलमध्ये आई परत गेली. जायच्या आधी शेजारी तिला एक भेट देऊन गेले, त्याच पट्टीचं उरलेलं भेंडोळं आणि एक जुनी पत्र्याची कातर, मुठीचं लाल रबर झिजलेली. बॅगेत वजन होईल म्हणून मी का कू करत होतो, तर तिनं बॅगेतून लोणच्याची रिकामी बरणी काढून टाकली आणि ते आत ठेवलं.

गावाकडे आमच्या अंगणात गुरांचं एक शेड आहे. नवं घर भूकंपानंतर सिमेंट काँक्रीटचं बांधलं, पण गोठा तसाच, वर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. वळवाचा वारा सुटला की पत्रा उडू नये म्हणून आमच्याकडे सगळीकडे असेच दगड ठेवतात. आई त्या गोठ्यात धार काढायला जाते तेव्हा वर बघते, हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण ती काय बघते हे कधी विचारलं नाही. मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे फोटो आले. गावातल्या पत्रेवाल्याला बोलावून तिनं सगळ्या पत्र्यांना खालच्या अँगलला धरणारे हूक लावून घेतले, खाली वॉशर, आणि कडेचे तीन पत्रे त्या अमेरिकेतल्या पट्टीनं बांधलेले. पट्टी बरोबर ओळखू आली. फोनवर म्हणाली, त्याला सांगितलं मी लई आवळू नको म्हणून.

शेवटच्या फोटोत गोठ्यावरचे सगळे दगड खाली उतरवून तुळशीपाशी भिंतीला लागून ओळीत मांडलेले होते. मी मोजले, एकवीस होते.